विश्लेषण : बदलापूरहून कूपरेजला सामना पाहायला का जावे?

विश्वचषक आला की उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरच्या गृहसंकुलांपर्यंत रात्री-अपरात्री टीव्ही सुरू असतात. मेसी, एम्बाप्पेच्या नावाचे टीशर्ट घातलेली मुले टर्फवर तासाच्या भाड्याने खेळतात. मात्र प्रत्यक्ष मैदानात बसून, ९० मिनिटांचा, ११ विरुद्ध ११ असा सामना पाहिलेले किती, असे विचारले तर फारच थोडे हात वर होतील. याच मध्य रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, सीएसएमटीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, भारतीय फुटबॉलचा मोठा इतिहास पाहिलेले कूपरेज मैदान आहे. तिथे काय घडले, आज काय पाहायला मिळते आणि तिथे प्रेक्षक असणे का महत्त्वाचे, याविषयी.

कूपरेज नेमके कुठे आणि हे नाव कसे पडले?

दक्षिण मुंबईत ओव्हल मैदानाच्या दक्षिणेला, मंत्रालय आणि विधान भवनाच्या परिसरात हे मैदान आहे. इंग्रजीत लाकडी पिंपे बनवणाऱ्या कारागिराला कूपर म्हणतात आणि त्याच्या कारखान्याला कूपरेज. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात येथे अशा कारागिरांच्या शेड होत्या, त्यावरून हे नाव रूढ झाले असे सांगितले जाते. पिंपे गेली, नाव राहिले. शेजारचा बँडस्टँड आणि बाग आजही याच नावाने ओळखली जाते. मैदानाची प्रेक्षकक्षमता सुमारे पाच हजार, म्हणजे आजच्या मोठ्या स्टेडियमच्या तुलनेत अगदी लहान. खेळपट्टीवर नैसर्गिक हिरवळीऐवजी आता कृत्रिम गवत आहे. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन अर्थात ‘विफा’ या १९११ साली स्थापन झालेल्या राज्य संघटनेचा कारभार याच मैदानाशी जोडलेला आहे.

या मैदानाला ‘ऐतिहासिक’ का म्हणतात?

त्याचे पहिले उत्तर रोव्हर्स चषक. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा देशातील सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. सिमल्यात १८८८ साली सुरू झालेला ड्युरँड चषक तिच्याहून जुना, तर कोलकात्याची आयएफए शील्ड तिच्यानंतर दोन वर्षांनी आली. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला. नंतर कित्येक वर्षे ही स्पर्धा म्हणजे ब्रिटिश पलटणींची आपापसातील लढत होती. भारतीयांनी पाहायचे, गोऱ्या शिपायांनी खेळायचे, असा तो काळ.

हळूहळू चित्र पालटले. १९२३ मध्ये मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढे त्यांना हार मानावी लागली. त्या काळी बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर त्यांचा वेग चाले, पण पावसाने चिखल झाला की बूट घातलेल्या पलटणींचे पारडे जड होई. अखेर १९३७ मध्ये बंगळूरु मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स चषक जिंकला आणि मुंबईच्या या स्पर्धेवर प्रथमच भारतीय नागरी संघाचे नाव कोरले गेले. पुढच्या वर्षी त्यांनीच तो राखला. १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने बाजी मारली. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे चषक आपल्याकडे ठेवला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. भारताला १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून देणारे हेच रहीम. ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला आहे. कूपरेज हे रोव्हर्सचे घर. देशातले नावाजलेले संघ आणि खेळाडू इथल्या गवतावर उतरून गेले, ते या स्पर्धेमुळे.

मुंबईचे स्वतःचे खेळाडू कुठून येत?

नोकरीतून, हे त्याचे सरळ उत्तर आहे. मुंबईत १९०२ पासून हार्वूड लीग खेळली जात होती आणि तिच्यात गिरण्या, कंपन्या, बँका, रेल्वे, पोलीस यांचे संघ असत. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, आरसीएफ, एअर इंडिया, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे ही नावे जुन्या प्रेक्षकांना आजही तोंडपाठ असतात. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे, सकाळी सराव आणि उरलेला वेळ कामावर. गोव्यातून, केरळमधून, हैदराबादमधून, बंगालमधून मुले मुंबईला येत ती या नोकरीच्या आशेने.

या व्यवस्थेचे सर्वांत झळाळते उदाहरण म्हणजे नेव्हिल डिसूझा. मुंबईत टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळलेल्या या आघाडीपटूने १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. भारताने तो सामना ४-२ असा जिंकून उपांत्य फेरी गाठली. वांद्र्यातील एक फुटबॉल मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

या व्यवस्थेतून प्रेक्षकही तयार होत असे. कंपनीचा संघ खेळणार म्हटले की त्याच कंपनीतले कामगार पाळी संपवून मैदान गाठत. धोबी तलावच्या कुडांमध्ये राहणारे गोमंतकीय, भेंडीबाजार-नागपाड्याचे शौकीन, वांद्र्याचे ईस्ट इंडियन, कोलकात्याचे संघ आले की शहरातले बंगाली, असा मोठा गोतावळा जमे. दिलीपकुमार यांच्यासारखा अभिनेताही रोव्हर्सच्या सामन्यांचा चाहता होता. कल्याणपलीकडच्या कारखान्यांमधील वसाहतींतही संध्याकाळचा फुटबॉल काही नवा नव्हता. कारखाना, मैदान आणि संघ या तीन गोष्टी तेव्हा एकमेकांना धरून होत्या.

मग कूपरेज मागे का पडले?

एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. गिरण्यांचा काळ सरला, कंपन्यांनी खेळाडूंना कायम नोकरी देणे कमी केले आणि खेळावरचा खर्च हा आधी कापायचा खर्च ठरला. क्रिकेटने टीव्ही आणि जाहिराती दोन्ही व्यापले. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाल्यावर जुन्या बाद फेरीच्या स्पर्धांना वेळापत्रकात जागा उरली नाही. शंभरी पार केलेला रोव्हर्स चषक २००१ साली थांबला.

तरीही मैदानाने शेवटचे वैभव त्यानंतरच पाहिले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पण विजेतेपदानंतर चारच वर्षांत, २०१० मध्ये, कंपनीने हा संघ बंद केला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीने आय-लीगमध्ये शहराचे नाव टिकवले. खालिद जमील हे त्या संघाचे अनेक वर्षे प्रशिक्षक होते, जे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबई एफसीची २०१७ मध्ये आय-लीगमधून पदावनती झाली आणि तो संघही पुढे दिसेनासा झाला. केंकरे एफसीने काही काळ आय-लीगचे सामने कूपरेजवर आणले. इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी एफसी मात्र आधी नेरुळला आणि नंतर अंधेरीला खेळू लागला. पाच हजारांचे मैदान व्यावसायिक लीगच्या गणितात बसत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

आज तिथे सामना पाहताना काय दिसते?

कूपरेजवर आज प्रामुख्याने मुंबईतील क्लब आणि संस्थांचे लीग सामने, वयोगटांच्या आणि महिलांच्या स्पर्धा, शालेय स्पर्धांच्या महत्त्वाच्या लढती होतात. दुपारच्या सामन्याला प्रेक्षक मोजकेच असतात. त्यात खेळाडूंचे घरचे, आपला सामना संपवून थांबलेली मुले, प्रतिस्पर्ध्यांची टिपणे घेणारे प्रशिक्षक आणि वर्षानुवर्षे न चुकता येणारे काही वृद्ध.

नवख्या प्रेक्षकाला पहिला धक्का बसतो तो आवाजाने. टीव्हीवर समालोचनाखाली दबलेले सारे इथे ऐकू येते. गोलरक्षक बचावपटूंना ओरडून जागा सांगत असतो, प्रशिक्षक मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणातून आघाडीच्या खेळाडूला मागे बोलावत असतो, चेंडूवर पाय बसल्याचा टणत्कार गॅलरीपर्यंत येतो. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातले अंतर फार नसल्याने धक्काबुक्की, दमछाक, चुकलेल्या पासनंतरचा चेहरा हे सगळे दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे मैदानाचा आवाका. टर्फवर पाच किंवा सात जणांचा खेळ खेळणाऱ्या मुलांना पूर्ण मैदान किती मोठे असते याची कल्पना नसते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीचे सर्वसाधारण माप १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे चेंडू नसताना बाकीचे २० खेळाडू काय करतात हे कधीच दिसत नाही. गॅलरीत बसल्यावर नेमके तेच दिसते. बचावफळी एका रेषेत पुढे कशी सरकते, मधल्या फळीतला खेळाडू चेंडू येण्याआधी दोनदा मान वळवून मागे का पाहतो, आघाडीपटू ऑफसाइड टाळण्यासाठी कसा घुटमळतो, हे एकदा पाहिले की नंतर टीव्हीवरचा सामनाही वेगळा दिसू लागतो. फुटबॉल शिकणाऱ्या मुलासाठी हा सरावाच्या दोन तासांइतकाच मोलाचा धडा ठरू शकतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून जायचे कसे?

सीएसएमटीपासून उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. बदलापूर किंवा कर्जतहून येणारी जलद लोकल धरली तर साधारण दीड तास लागतो, धिम्या गाडीला त्याहून बराच जास्त. सीएसएमटीहून पुढे बस, टॅक्सी किंवा चालत असे तिन्ही पर्याय आहेत. हुतात्मा चौकावरून चालत गेल्यास साधारण दोन किलोमीटर अंतर पडते. दादरला पश्चिम रेल्वे पकडून चर्चगेटला उतरले तर ओव्हल मैदानाच्या कडेने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागल्याने सीएसएमटीहून विधान भवन स्थानक तिसऱ्या थांब्यावर आले आहे.

मात्र सामने अनेकदा रविवारी असतात आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या की वेळापत्रक कोलमडते, म्हणून शनिवारी जाहीर होणारी ब्लॉकची माहिती पाहूनच निघावे. संध्याकाळचा सामना असेल तर परतीच्या बदलापूर आणि कर्जत लोकलच्या वेळा आधी टिपून ठेवाव्यात, कारण रात्री कल्याणपलीकडे जाणाऱ्या दोन गाड्यांमधले अंतर वाढते.

स्थानिक लीगच्या सामन्यांना बहुतेक वेळा तिकीट नसते. पण मैदान सरावासाठी किंवा खासगी स्पर्धेसाठी दिलेले असू शकते, सामन्याची जागा ऐनवेळी बदलूही शकते. म्हणून ‘विफा’ आणि मुंबई फुटबॉल असोसिएशन यांच्या संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमांवरील पानांवर त्या आठवड्याचे वेळापत्रक तपासणे गरजेचे. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असावी. दुपारी उन्हाचा, पावसाळ्यात सरींचा विचार करूनच जागा निवडावी.

मोठ्या सामन्यांसाठी कुठे जावे?

कूपरेजच्या बरोबरीने आणखी दोन मैदाने या तिन्ही शहरांच्या आवाक्यात आहेत. नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम ठाण्याहून ट्रान्सहार्बर मार्गाने गाठता येते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तिथे झाले, त्यात स्पेन आणि माली यांच्यातील उपांत्य लढतही होती. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम फेरीही तिथेच झाली आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ मुंबई सिटीविरुद्ध खेळायला आला, तेव्हा जखमी नेमार संघासोबत येणार नाही हे माहीत असूनही स्टेडियममध्ये मोठी गर्दी होती. अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना हे मुंबई सिटीचे घरचे मैदान. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने आझाद नगरला गेले की ते जवळ पडते.

या मैदानांवर तिकीट ऑनलाइन काढावे लागते आणि बॅग, बाटली, पॉवर बँक आत नेण्यावर बहुधा बंदी असते. लांबून येणाऱ्यांनी तिकिटावरील सूचना घरूनच वाचून निघावे, नाहीतर फाटकावर सामान ठेवायला जागा शोधण्यातच पूर्वार्ध संपतो.

प्रेक्षक आले नाहीत तर काय बिघडते?

नेरुळची गर्दी आणि कूपरेजच्या मोकळ्या बाकड्या यांतले अंतर हाच आजच्या फुटबॉलचा खरा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक करारांचा गुंता न सुटल्याने इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम लांबणीवर टाकण्यात आला. त्यामुळे देशातील आघाडीच्या खेळाडूंनाही महिनोन्महिने आपण कधी आणि कुठे खेळणार हे कळत नव्हते. वरची लीग एका करारावर अवलंबून असली की तो करार अडला की सगळेच अडते, हे त्यातून दिसले. महिंद्र युनायटेड आणि मुंबई एफसीबाबत मुंबईने हे आधीच अनुभवले होते. कंपनीने हात काढला की संघ संपतो. स्थानिक लीग मात्र त्या धक्क्यांतही चालू राहते, कारण तिला मोठा पैसा लागत नाही. तिला मैदान लागते, पंच लागतात आणि पाहणारी माणसे लागतात.

मैदाने टिकवण्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. दक्षिण मुंबईत मोकळ्या जागेच्या प्रत्येक तुकड्यावर अनेकांची नजर असते. ज्या मैदानावर लोक येतात त्याच्या बाजूने बोलायला माणसे असतात. जिथे कोणी येत नाही, ते मैदान कागदावर फक्त एक भूखंड उरतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यासाठी हा मुद्दा आणखी जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेत या तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांच्या पुढे होती आणि त्यानंतर, विशेषतः बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात, इमारतींची भर पडतच गेली आहे. इतक्या वस्तीत पूर्ण मापाचे, प्रेक्षकांना बसायला जागा असलेले फुटबॉल मैदान असावे अशी मागणी करायची, तर तसे मैदान कसे असते आणि कसे चालते हे आधी डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. आपल्या भागात क्रीडांगणाचे आरक्षण कुठे आहे, तिथे आज काय उभे आहे, हा प्रश्न नगरपालिकेला किंवा महापालिकेला विचारणारा पालक बहुधा तोच असतो, ज्याने मुलाला घेऊन एखादा रविवार गॅलरीत घालवलेला असतो.

कूपरेजला जाण्यासाठी एका मुलाचा आणि एका मोठ्या माणसाचा खर्च म्हणजे लोकलची तिकिटे आणि वाटेतला वडापाव. मोबदल्यात पूर्ण दीड तासाचा सामना जवळून पाहायला मिळतो. ज्या गवतावर एकेकाळी पलटणींना हरवण्यासाठी अनवाणी खेळाडू उतरले, त्याच जागेवर आज एखाद्या रेल्वे संघाचा बचावपटू घाम गाळत असतो. त्याच्यासाठी टाळी वाजवणारे चार हात वाढले, तरी त्या दुपारपुरता सामना बदलतो.